शब्द वाटेगावचा, गळा बार्शीचा

‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड कुणाची, असं आमच्या वाळवा तालुक्यात कुणालाही विचारा. शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, अण्णाभाऊंची. ते बरोबरच आहे. वाटेगाव आमच्याच तालुक्यातलं, तेव्हा पोरगं जरा छाती पुढं काढूनच सांगेल. पण माझ्या लहानपणी मुंबईहून दिवाळीला नाही तर जत्रेला गावी येणारे गिरणीवाले याच गाण्याला ‘अमर शेखाचं गाणं’ म्हणत. आमचे तात्या त्यातलेच. त्यांनी मैदानात उभं राहून ते ऐकलेलं होतं. कुणी नुसतं अण्णाभाऊंचं नाव घेतलं की ते तंबाखू मळता मळता म्हणायचे, “लिवली अण्णानं, खरं हाय. पर आमच्या काळजात घुसवली ती शेखानं. दोगांची हाय ती.”

तात्यांच्या त्या ‘दोगांची’ या शब्दावर मी पुढं बराच विचार केला. तमाशाच्या नि शाहिरीच्या दुनियेत नावं जोडीनंच यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नारायणगावचे भाऊ-बापू. आमच्या सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, ते तर जुळे भाऊ. आणि सगळ्यात जुनी म्हणजे पेशवाईतली होनाजी-बाळा ही जोडी. होनाजी शिलारखाने जातीनं गवळी, तो रचायचा. बाळा कारंजकर शिंपी, तो गायचा. एकाचा शब्द नि दुसऱ्याचा गळा, पण लोकांनी दोन्ही नावं अशी एकात एक विणली की पुष्कळांना तो एकच माणूस वाटतो. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचीही जोडी त्याच जातीची. तशी त्यांच्या पथकात नावाजलेली माणसं तीन होती. तिसरे शाहीर द. ना. गव्हाणकर, आणि त्यांना गाळून लाल बावट्याचा इतिहास कुणी लिहू नये. पण मला इथं बोलायचंय ते शब्द आणि गळा यांच्याबद्दल, म्हणून दोघांचीच गोष्ट सांगतो.

तुकाराम भाऊराव साठे हे अण्णाभाऊंचं मूळ नाव. जन्म 1 ऑगस्ट 1920, वाटेगावच्या मांगवाड्यात. वडील भाऊराव, आई वालुबाई. शाळेत गेले ते दीड दिवस. हे ‘दीड दिवस’ दर जयंतीला इतक्या वेळा सांगितले जातात की मला आता त्याचा थोडा कंटाळाच येतो. कारण सांगणारे एक शाळा मोजायलाच विसरतात. ती शाळा म्हणजे तमाशाचा फड.

आमचा मुलूख हा तमाशाचा मुलूख. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षचे. जोशीपण नि कुळकर्ण सोडून बामणाचं पोर ढोलकीमागं गेलं म्हणून गावानं त्यांना कायकाय ऐकवलं असेल, ते विचारूच नका. तासगावकडच्या सावळजचे उमा बाबू यांचा ‘मोहना बटाव’ 1865 सालचा, तो पहिला वग मानतात. मांगवाड्यात हलगी नि सनई घरचीच. वाजवायला शिकवावं लागत नाही, पोरगं रांगताना हलगी ओढत नेतं. अशा मुलखात नात्यातल्या बापू साठ्यांचा फड होता नि अण्णाभाऊ त्यात शिरले. फडात काय शिकतात? ढोलकीचा तोडा संपतो नेमका कुठं नि शब्द उचलायचा कुठं. सोंगाड्यानं प्रेक्षकातल्या पाटलाला चिमटा काढायचा, पण पाटलालाच हसू येईल असा. बतावणी लिहिलेली नसते, रोज रात्री नव्यानं जुळवायची असते, आणि समोरच्या गावात काल काय घडलं ते तिच्यात आणायचं असतं. अण्णाभाऊंचं पुढचं सगळं लेखन वाचताना मला हा फड ऐकू येतो. त्यांच्या वाक्यात एक थाप असते.

त्याआधी 1931-32 च्या सुमाराला दुष्काळात साठ्यांचं कुटुंब वाटेगावहून मुंबईला निघालं, तेही पायी. पोर अकरा-बारा वर्षांचं. वाटेत मिळेल ते काम करत, मुक्काम करत ही माणसं मुंबईत पोचली. तिथं या पोरानं हमाली केली, फेरीवाल्यामागं कापडाचं गाठोडं वाहिलं, गिरणीत राबलं. सिनेमाची पोस्टरं नि दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं लावायला शिकलं. मग गावाकडं परतणं, फड, आणि पुन्हा मुंबई. माटुंग्याच्या लेबर कँपात डास फार, त्या डासांवर त्यांनी एक गाणं रचलं. अण्णाभाऊंच्या लेखनाची सुरुवात तिथून सांगतात. मला हे फार पटतं. फडातला गडी समोर जे चावतं त्याच्यावरच पहिलं गाणं करणार.

आता दुसरा. मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916, सोलापूर जिल्ह्यात बार्शीला. हा काही फडात वाढला नाही. याच्या गाण्याची शाळा म्हणजे आई, मुनेरबी. ती जात्यावर ओव्या म्हणायची आणि पोर ऐकायचं. शहरातल्या वाचकाला मुसलमान बाईच्या तोंडी मराठी ओवी ऐकून नवल वाटत असेल, आमच्याकडं त्याचं काही विशेष नाही. गावातल्या मुसलमानाचं जातं काही वेगळं नसतं. पेशवाईतले सगनभाऊ, लावण्यांत ज्यांचं नाव होनाजीच्या बरोबरीनं घेतात, तेही मुसलमानच. रामनवमीच्या पाळण्याला नि मोहरमच्या डोल्याला एकच माणसं असायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण जात्यावरचं गाणं नि फडातलं गाणं यात फरक आहे, आणि तो इथं फार महत्त्वाचा आहे. फडातल्या गाणाऱ्याच्या मागं ढोलकी असते, तुणतुणं असतं, झांज असते, झीलकरी असतात. दम सरला तर झीलकरी ‘जी जी’ धरून गाणं पुढं नेतात. जात्यावरच्या बाईच्या मागं कुणी नसतं. जात्याची घरघर हाच सूर नि हाताचा फेर हाच ताल. अंगातली ताकद दगडाला द्यायची आणि उरलेल्या श्वासात ओवी म्हणायची. आवाज छातीतून येतो, ओढून लांबवता येतो, आणि पहाटेच्या शांततेत चार घरं ओलांडून जातो. अमर शेखांच्या आवाजाला सगळे ‘पहाडी’ म्हणतात. मला मात्र तो जात्याचा आवाज वाटतो. हातात एक डफ घेऊन हा माणूस हजारोंपुढं उभा राहायचा, त्याची मुळं मुनेरबीच्या जात्याशी आहेत, असं माझं मत आहे. संगीतातला कुणी जाणकार ते खोडून काढील तर काढू दे.

मेहबूबनं मोटारीवर क्लीनरकी केली, बार्शीच्या गिरणीत काम केलं. गिरणीच्या संपात तुरुंगात गेला, तो विसापूरच्या. तिथं त्याला कम्युनिस्ट विचाराची माणसं भेटली. सुटल्यावर कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत गेला, आणि तिथं मेहबूब पटेलचा ‘अमर शेख’ झाला. सिनेमात पडला असता तर बरा पैसा मिळवला असता, असं तात्यांना वाटायचं. पुढं ‘प्रपंच’सारख्या सिनेमात ते दिसलेही. पण त्यांचा खरा पडदा मैदानच.

ही दोन माणसं एकत्र आली ती लाल बावटा कलापथकात. साल 1944. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत इप्टाची स्थापना झालेली होती, बंगालमध्ये दुष्काळानं माणसं मरत होती, महायुद्ध चालू होतं. अण्णाभाऊंनी 1943 मध्येच स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला होता. बघा, वाटेगावचा हा गडी, रशिया तोवर स्वप्नातही पाहिलेली नाही, आणि तिथल्या लढाईचा पवाडा असा लिहितो की जणू तानाजीचा लिहितोय. पवाड्याचा साचाच तसा आहे. किल्ला असला, वेढा असला, आणि मरेपर्यंत लढणारी माणसं असली, की तो चालतो. सिंहगड काय नि स्टालिनग्राड काय.

पथकानं केलं काय, तर गावाकडचा तमाशा उचलला नि त्याची आतली मांडणी बदलली. तमाशा गणानं सुरू होतो, मग गवळण, मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग. अण्णाभाऊंनी गणातून गणपतीला बाजूला केलं आणि तिथं मायभूमीला, राबणाऱ्याला, हुतात्म्यांना वंदन घातलं. गवळण काढली. सोंगाड्या मात्र ठेवला, कारण सोंगाड्याशिवाय सावकाराला चारचौघांत उघडा कोण पाडणार? ‘अकलेची गोष्ट’ हे त्यांचं सुरुवातीचं वगनाट्य याच वाटेनं गेलं. शेतकरी बघायला आला तर त्याला तमाशाच दिसायचा, ओळखीचा. ढोलकी तीच, ठेका तोच. फक्त घरी जाताना डोक्यात पाटलाचं कूळ नि सावकाराचं व्याज घोळायचं. स्वातंत्र्य आल्यावर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली आणि लाल बावटा पथकही तिच्या तावडीत सापडलं. तेव्हा या मंडळींनी त्याच खेळाला ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. आज शहरातली शिकलेली मंडळी हा शब्द मोठ्या कौतुकानं वापरतात. तो शब्द रुजायला पोलिसांचा ससेमिरा कारण झाला, हे त्यांना कुणी सांगत नाही.

अण्णाभाऊंची बहुतेक कमाईची वर्षं गेली घाटकोपरच्या चिरागनगरात. बावीस वर्षं. आज घाटकोपर म्हटलं की मेट्रो आठवते, नि जागेचे भाव ऐकून छाती दडपते. त्या काळी घाटकोपर मुंबईतच नव्हतं. घाटकोपर-किरोळची स्वतंत्र नगरपालिका होती. ते मुंबई महानगरपालिकेत आलं 1950 साली, आणि मुलुंडपर्यंतचा पट्टा तर 1957 ला. गिरण्या परळ-लालबागला, पण तिथल्या चाळीत ज्याला भाडंही परवडत नव्हतं किंवा ज्याची जात ऐकून कुणी खोली देत नव्हतं, तो रेल्वेच्या कडेनं वर सरकत गेला. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड. पत्रे, गोणपाट, बांबू मिळाले की घर. सांगली-साताऱ्याची, सोलापूरची, मराठवाड्याची माणसं तिथं गावकीप्रमाणंच वस्ती करून राहिली. चिरागनगर तसलंच. तिथली माणसं अण्णाभाऊंच्या ‘चिरागनगरची भुतं’मध्ये आहेत. मुंबईतली माणसं तिथं मेंढरासारखी कोंबलेली, पण बोलणं, भांडणं, लग्न-मयत सगळं गावाचं. म्हणून अण्णाभाऊंना मुंबईत राहून वारणेकाठ लिहिता आला. त्यांना गाव आठवावं लागत नव्हतं, दाराबाहेर ते रोज भांडत होतं.

त्यांची ‘मुंबईची लावणी’ याच नजरेतून आली. पठ्ठे बापूरावांनी आधी मुंबईवर लावणी केलेली होती. त्यात मुंबईचा झगमगाट, तिची ऐट, तिची नवलाई. बापूराव फडाचे राजे, त्यांनी मुंबई थिएटरातून पाहिली. अण्णाभाऊंनी त्याच तालुक्यातून, त्याच ढोलकीवर, तिला उत्तर दिलं. एकीकडं मलबार हिलची इंद्रपुरी आणि दुसरीकडं परळातली रात्रंदिवस राबणारी माणसं. एकाच मातीतल्या दोन शाहिरांच्या या दोन लावण्या शेजारी शेजारी ठेवून कुणी शाळेत का शिकवत नाही, कळत नाही.

आणि मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. 1956 पासून 1960 पर्यंत सभा झाली आणि शाहीर नाही असं होतच नसे. आत्माराम पाटील होते, गव्हाणकर होते. आचार्य अत्र्यांच्या भाषणाइतकीच गर्दी अमर शेखांच्या डफाला व्हायची. अत्र्यांनीच त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं. तात्या सांगायचे, सभेत माणसं कंटाळून हलायला लागली की शेख उठायचे. मग कुणी हलत नसे. पाळी सुटल्यावर न जेवता आलेली माणसं, तशीच उभी.

मैना याच दिवसांतली. तिची रचना नीट बघण्याजोगी आहे. सुरुवातीला नुसती बायको आहे. गावात मागं राहिलेली, तिचं रूप, तिचं बोलणं, निरोप देतानाचं तिचं तोंड. मुंबईतल्या खोलीत दहा-वीस गडी पाळीपाळीनं झोपायचे, तिथं बायकोला जागा कुठली? खानावळीचे पैसे देऊन उरेल ते मनिऑर्डरीनं गावाकडं. म्हणून मैना गावावर. ऐकणाऱ्या प्रत्येक गिरणीवाल्याला आपली कारभारीण दिसायची. आमच्या काकी तेवीस वर्षं गावावर होत्या आणि तात्या मुंबईत, त्यामुळं आमच्या घरात हे गाणं लागलं की काकी उठून आत जायच्या. आणि अशी माणसाची कळ पुरती धरल्यावर शाहीर हळूच फिरवतो. जशी माझी मैना मागं राहिली तसाच महाराष्ट्राचा तुकडा मागं राहिला. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. राज्याची हद्द हा विषय पुढाऱ्यांचा, नकाशाचा. तो विषय बायकोच्या विरहातून सांगावा, हे सुचायला फडात लावणी नि बतावणी दोन्ही पचवलेली असावी लागतात.

पण ती कागदावर वाचून बघा. चांगली आहे, पण गळ्यावाचून अर्धीच आहे. शेवटच्या त्या वळणाला आवाजात लाडिकपणा उरून चालत नाही, आणि एकदम आरोळीही ठोकून चालत नाही. विरहाचा सूर तसाच ठेवून त्यात राग भरावा लागतो. जात्यावरच्या ओवीत नेमकं हेच असतं. बाई सासरचा जाच सांगत असते, पण सूर माहेरच्या आठवणीचा असतो. अमर शेखांना ती तऱ्हा आईच्या दुधाबरोबर मिळालेली. म्हणून तात्या म्हणायचे, दोगांची हाय. पुढं शाहीर विठ्ठल उमपांनी ती गायली आणि आजच्या पोरांना ती उमपांच्याच आवाजात माहीत आहे. उमपही मोठे, त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. त्यांच्यामुळं गाणं जिवंत राहिलं, पण पहिल्या गळ्याचं नाव मागं पडलं.

महाराष्ट्र झाला. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ 1959 ला आली, तिला 1961 मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच साली ते रशियाला जाऊन आले. अमर शेख स्वतःही कवी होते, ‘कलश’ नि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘शब्द एकाचा, गळा दुसऱ्याचा’ असं मी वर म्हटलं त्यानं शेखांना नुसते गाणारे समजू नये. आणि अण्णाभाऊही काही मुके नव्हते, वाद्यांवर त्यांचा हात चालायचा. पण एकत्र आले की कामाची वाटणी आपोआप व्हायची, जशी नांगरटीला बैलांची होते. एक आतला, एक बाहेरचा.

अण्णाभाऊंचे शेवटचे दिवस ओढगस्तीचे. चिरागनगर सुटलं, गोरेगावला सिद्धार्थनगरात सरकारी घर मिळालं, तिथं 18 जुलै 1969 ला ते गेले. वय एकोणपन्नासही पूर्ण नाही. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी, 29 ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. पुण्याहून सोलापूरला जाणारा तो रस्ता, बार्शीकडं जायला आपणही तोच धरतो. तात्यांनी दोन्ही बातम्या मुंबईतच ऐकल्या. दुसरी ऐकल्यावर त्यांनी खाडा केला, असं काकी सांगायच्या. तात्यांनी स्वतः कधी ते सांगितलं नाही.

पुढं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. अण्णाभाऊंच्या नावानं महामंडळ झालं, 2002 मध्ये टपालाचं तिकीट निघालं, 2022 मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. चिरागनगरात स्मारक करायचं सरकारनं जाहीर केलं. गावोगावी 1 ऑगस्टला मिरवणूक निघते. हे व्हायलाच हवं होतं, उशिरा झालं एवढंच. मातंग समाजानं त्यांना सांभाळलं नसतं तर शहरातल्या वाङ्मयवाल्यांनी केव्हाच विसरून टाकलं असतं. अमर शेखांना सांभाळायला असा समाज मागं नव्हता. मुसलमानांच्या यादीत ते मावले नाहीत, शाहिरांच्या यादीत शिवजयंतीपुरते आले, आणि लाल बावट्याचीच माणसं कमी होत गेली. लेकीनं, मल्लिका अमर शेख यांनी, त्यांच्यावर ‘सूर एका वादळाचा’ हे पुस्तक लिहिलं. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. पण अध्यासनाला हलगी लागत नाही.

दोन वर्षांमागं आमच्या गावातल्या मंडळाच्या पोरांना मी म्हटलं, जयंतीच्या फलकावर अण्णाभाऊंच्या शेजारी अमर शेखांचा फोटो लावा. पोरं चांगली आहेत, नाही म्हणाली नाहीत. एकानं मोबाईलवर फोटो शोधला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, “आजोबा, ह्यांचा नि अण्णाभाऊंचा काय संबंध?” मी मैनेपासून सुरुवात केली. बार्शीपर्यंत येईस्तोवर फलकवाला आला, मापं विचारायला लागला. फलकावर दोन फोटो बसवायचे तर रुंदी वाढते नि सहाशे रुपये जास्त पडतात, म्हणाला. पोरांनी तिथंच वर्गणी काढली.